पूर्णतः सहमत

मंगळवारी आगरदांड्याजवळच्या एका शाळेत माझ्यामुळे एका भल्या माणसाला चारचौघांत मान खाली घालावी लागली. आणि मी समोरच मूग गिळून बसले होते... तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहितेय.

मी गणिताची शिक्षिका. वर्षातून दोनदा इतर शिक्षकांना ट्रेनिंगही देते, गणिताच्या तासाला कॉम्प्युटर कसा वापरायचा याचं. सर्टिफिकेटवर 'तंत्रस्नेही शिक्षक' छापलेलं असतं आणि हॉलमध्ये पाच जणांत एक लॅपटॉप... नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मागच्या ट्रेनिंगला म्हात्रे सर होते. रिटायरमेंटला जेमतेम वर्ष राहिलेलं, शर्टाच्या खिशाला खडूची भुकटी. मी स्क्रीनवरच्या त्रिकोणाचा एक कोपरा माऊसने ओढला, तिन्ही कोन बदलत गेले पण बेरीज काही एकशे ऐंशीवरून हलेना... तसे सर उठून पुढेच आले.

"एकतीस वर्षं फळ्यावर त्रिकोण काढतोय मॅडम, पन एकदापन हलला न्हाय!"

त्यांना हे खरंच शिकायचं होतं. शेवटच्या बॅचला तरी हलता त्रिकोण दाखवायचा हाय, असं चहाच्या वेळी दोनदा म्हणाले.

पण त्यांच्या हातात माऊस आला तेव्हा पावणेपाच वाजले होते. कोपरा ओढायच्या आधी वरचं बाणाचं बटण दाबावं लागतं, नाहीतर प्रत्येक क्लिकला नवा ठिपका उमटतो. सरांचे ठिपक्यांवर ठिपके उमटायला लागले आणि मी... मी घड्याळ पाहिलं.

"द्या इकडे सर" म्हणत माऊस घेतला आणि दोन सेकंदांत त्रिकोण हलवून दाखवला. सरांनी मान डोलावली. काही न कळलेली पोरं वर्गात डोलावतात ना, अगदी तशी. एरवी ती मान मी शेवटच्या बाकावरूनही ओळखते, त्या दिवशी मला ओळखायचीच नव्हती.

कारण पाचच्या आत सगळ्यांचे फीडबॅक फॉर्म गेलेच पाहिजेत, असे ग्रुपवर मेसेजवर मेसेज येत होते. सरांचा राहिला होता. मग त्यांचा मोबाईलही मीच घेतला आणि एकही प्रश्न न वाचता खालपर्यंत 'पूर्णतः सहमत' दाबत गेले. शंभर टक्के फॉर्म वेळेत! ग्रुपवर माझं कौतुकसुद्धा झालं...

त्यात एक प्रश्न होता, 'हे तंत्र मी इतर शिक्षकांना शिकवू शकतो.' असा प्रश्न त्यात होता, हे मला थेट मंगळवारी कळलं.

त्या उत्तरावरूनच नमुना पाठ घ्यायला सरांची निवड झाली होती. पत्र आल्यावर सर 'नाही' तरी कोणत्या तोंडाने म्हणणार? सराव करावा म्हटलं तर शाळेचा लॅपटॉप कपाटात, चावी मुख्याध्यापकांकडे. बिघडला तर कोण जबाबदार, म्हणून थेट पाठाच्या दिवशीच काढला.

आसपासच्या शाळांचे शिक्षक, आठवीचा वर्ग, तालुक्याहून आलेले साहेब आणि निरीक्षक म्हणून मी. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्रिकोण छान काढला त्यांनी. मग कोपऱ्यावर क्लिक केलं... ठिपका. परत केलं... ठिपका.

हळूहळू सगळा स्क्रीन ठिपक्यांनी भरला. आधी पोरं हसली, मग मागे बसलेले शिक्षकही हसले. साहेबांनी हातातला कागद वर धरला.

"अहो सर, फॉर्ममध्ये तर लिहिलंय तुम्ही, दुसऱ्यांना शिकवू शकतो म्हणून!"

सरांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. फोन कोणी घेतला होता, ते त्यांना पक्कं आठवत होतं.

"व्हय साहेब, माझीच चूक," ते म्हणाले. "मॅडमनी चांगलं शिकवलं होतं, मलाच न्हाय जमलं."

साहेबांनी "द्या इकडे" म्हणत त्यांच्या हातातून माऊस काढून घेतला. अगदी माझ्यासारखाच. तेव्हा उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती मी. शरम वाटत होती, पण साहेबांची भीती शरमेपेक्षा मोठी निघाली... स्वतःचाच राग येतोय अजून.

कार्यक्रम संपल्यावर सर मला एसटीच्या स्टॉपपर्यंत सोडायला आले. मी मनात माफीची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात त्यांनी खिशातून छोटी डायरी काढून पुढे केली.

"मॅडम, तो बाण कुठं असतो, तेवढं काढून द्या."

लॅपटॉप केव्हाच कपाटात गेला होता. तेव्हा कॉम्प्युटर शिकवणाऱ्या बाईंनी रस्त्यात उभं राहून बॉलपेनने बाण काढून दिला. तेवढ्यात एसटी आली आणि माफी राहूनच गेली.

घरी पोचले तर मोबाईलवर नवी लिंक हजर, निरीक्षकाचा अहवाल. या वेळी प्रत्येक प्रश्न वाचला. झालं ते खरं खरं लिहायचं होतं, पण उत्तरं दोनच, हो किंवा नाही. लिहायला जागाच नाही.

म्हणून इथे लिहिते आहे. त्या खोलीत हसलेले बरेच शिक्षक माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. तो फॉर्म म्हात्रे सरांनी भरला नव्हता... मी भरला होता.