दुखण्याचा आकडा

"सिकल सेल," डॉक्टरबाई रिपोर्ट पाहून म्हणाल्या. "तुम्हाला, आणि मुलीलाही." मी मौद्याचा माणूस. आमच्याकडे वीज तयार होते आणि त्याहून जास्त गप्पा. पण त्या दिवशी माझी वाचा मला नागपुरात सोडून एकटीच गावी निघून गेली.

सिकल सेल म्हणजे रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग जे दुखतं, त्याला क्रायसिस म्हणतात. कोळशाची अख्खी मालगाडी गुडघ्यावरून जाते, आणि गार्ड काही विसरला म्हणून पुन्हा मागे येते.

त्याच दवाखान्यात तेव्हा बायोबँक उभी राहत होती. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, संशोधनासाठी गोठवून ठेवायचा. एकदा बरं असताना, एकदा ऐन क्रायसिसमध्ये. बरा होतो तेव्हाच मी होकार दिला आणि पहिली नळी भरून आलो.

दुसरीची वेळ आली तेव्हा बायकोने मला जवळजवळ उचलूनच आणलं.

"शून्य ते दहा, किती दुखतंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पन्नास."

"दहाच्या वर सोय नाही."

"मग दहा लिवा."

"मागच्या खेपेलेबी दहाच होते मॅडम," बायको म्हणाली. "अन् त्या दहात यायनं सावजी रस्सा मागितला होता."

डॉक्टरबाई हसल्या. "औषध मी देतेच आहे. पण हा आकडा नळीसोबत राहणार. दुखणं वाढतं तेव्हा प्लाझ्मात काय बदलतं, हे त्यावरून शोधायचंय. आकडा फुगवलात तर शोधणारा भलतीकडे जाईल."

माझी नऊ वर्षांची पोरगी मित्रा माझ्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. औषध निघालं तर ते तिच्याच कामी यायचं.

"सात," मी म्हणालो. एवढा लहान आकडा माझ्या तोंडून कधी निघाला नव्हता.

बरा झाल्यावर त्यांनी आम्हाला बायोबँकेची खोली दाखवली. यंत्रात गरगर फिरून आलेल्या नळीत खाली रक्त बसलं होतं आणि वर जवसाच्या तेलासारखा पिवळा प्लाझ्मा. मग कपाट उघडलं. आत उणे ऐंशी अंश. पांढरी वाफ आमच्या पायांवर सांडली. धुक्यात बोटाएवढ्या नळ्यांच्या रांगा. कोणी सावनेरचा असेल, कोणी धरमपेठेतला, पण कोणाचंच नाव नाही. इतक्या माणसांचं दुखणं इतकं गुपचूप उभं असलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. फुगवून सांगावं असं तिथे काही उरलंच नव्हतं.

"यात औषध हाय का, बाबा?" मित्राने विचारलं.

"अजून नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण शोधायला जागा झाली."

मित्रा दुखलं की कायम 'दोन' म्हणायची. तिचं हलकं आहे, असंच आम्ही धरून चाललो होतो. हिवाळ्यात तिला क्रायसिस आला आणि आम्ही तिला त्याच दवाखान्यात आणलं. ओठ पांढरे पडलेले, तरी बोटं दोनच.

"काहून दोनच वं?" बायकोने विचारलं.

"बाबाले दहा होते ना. मले तेवढं कुठं असन?" ती थांबली. "पण मांगं बाबानं सात सांगितले."

"मग तुझे किती?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"आठ."

मालगाडीवाला मी भिंतीला टेकलो.

घरात हा आजार असेल तर आकडा खरा सांगा. लेकरं आई-बापाच्याच मापाने स्वतःचं मोजतात. त्या डॉक्टरबाईंचे आणि सिस्टरांचे उपकार मोजायला मात्र माझ्याकडे माप नाही. त्यांनी आठाला साजेसं औषध दिलं. थोड्या वेळाने मित्राची मूठ सैल झाली आणि ती झोपली. क्रायसिसमध्ये झोपलेली मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो.