तेजूच्या दुधाची शेवटची बाटली

तेजूचं दूध आज संपलं.

ती जाऊन महिना झाला. ऑफिसमध्ये, लंच ब्रेकला, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तिची लेक इरा तेव्हा डेकेअरमध्ये होती. चार महिन्यांची.

इथल्या, टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोच्या मराठी ग्रुपमधली सगळ्यात बडबडी बाई. मॅटर्निटी लीव्ह संपल्यापासून ऑफिसात दूध पंप करायची आणि पिशव्या घरी आणून फ्रीजरमध्ये रचायची.

"गोठा झालाय यार माझा. मीटिंग कॅन्सल करता येते, हे नाही."

त्या पिशव्यांवर इराने हा महिना काढला.

मी आईच्या दुधावरच रिसर्च करते. दुधात आईच्या पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पुड्या असतात. पुडीत आरएनएचे छोटे तुकडे. ते दुसऱ्या पेशीत शिरले की तिथलं एखादं काम मंद करतात, एखादं थांबवतात.

तेजूला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे मी पोरीला आतून सूचना पाठवतेय? वा! नवरा तर समोर बसून ऐकत नाही."

आज शेवटची पिशवी कोमट पाण्यात धरून तेजूच्या आईने विचारलं, "तू त्यातलीच ना गं? तिचं काही पोचतं का इराला?"

लॅबमध्ये, डिशमधल्या पेशींत पोचताना मी पाहिलंय. बाळाच्या पोटात काय होतं, ते अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

नुसतं "हो" म्हणायला माझं काय जात होतं? पण त्यांच्याशी खोटं बोलवेना.

"नक्की माहीत नाही, काकू."

"मग एवढी वर्षं काय शिकलात गं?"

रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

इरा अर्धी बाटली पिऊन झोपली.

बाळाचं उष्टं दूध ठेवता येत नाही, टाकावंच लागतं.

झोपलेल्या बाळाला उठवलं तर आम्हाला दटावणाऱ्या काकू तिचे तळवे चोळायला लागल्या. "ऊठ गं सोन्या, एवढं पी." अनुपने, इराच्या बाबाने, गालाला ओलं फडकं लावलं. मी वेड्यासारख्या टाळ्या वाजवल्या.

ती झोपेत हसली. उठली नाही.

बाटली सिंकमध्ये मी रिकामी केली. त्या दोघांच्याने ते झालं नसतं.

थोड्या वेळाने इरा उठली आणि फॉर्म्युला प्यायली. गटागटा, जराही कुरकुर न करता.

तेजू, पोरीचं पोट भरलंय.
आम्हाला काही सुचत नाहीये.
तू नीघ आता, शांतपणे.