जाम नदीतले पाच गोटे

आमच्या ड्रॉइंगमास्तरांइतका निर्जीव वस्तूंमध्ये जीव अडकलेला आणि त्याच वस्तूंवर दिवसातून चारदा भडकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माणसांवर ते कधीच रागावले नाहीत. वर्गात पोरं एकमेकांच्या अंगावर रंगाचं पाणी उडवत असली तरी मास्तर ‘अरे, अरे’ एवढंच म्हणायचे. पण टेबलावर मांडलेली पपई देठाकडे जराशी कलली की त्यांचा आवाज चढायचा, आणि तो पपईवरच चढायचा. ऐंशी सालाच्या आसपास मी सौसरहून पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवायला आलो, मास्तरांच्या शेजारची खोली मला भाड्याने मिळाली, आणि पुढची सहा-सात वर्षं मी अशा एका विषयाच्या सहवासात काढली जो मला तेव्हाही कळला नाही आणि आजही कळलेला नाही. स्थिरचित्र हे त्या विषयाचं नाव. टेबलावर तांब्या, फळं, बाटली असं काहीबाही मांडायचं आणि बघून बघून ते कागदावर उतरवायचं, एवढीच खरं तर गोष्ट. पण मास्तरांच्या हाती पडली की एवढ्याशा गोष्टीचं काय होईल ते सांगता यायचं नाही.

मास्तरांनी वीस वर्षांत एकही स्थिरचित्र पूर्ण केलेलं नव्हतं. याला कारण त्यांचा आळस नव्हे. त्यांचं म्हणणं असं, की स्थिर म्हणून जी वस्तू आपण मांडतो ती स्थिर राहतच नाही. संत्रं चार दिवसांत सुकतं, पपई आठ दिवसांत बसते, आणि सावली तर घडीभर एका जागी थांबत नाही. सावलीवर त्यांनी एक उपाय काढला होता. ऊन सरकेल तसं ते शिपायाकडून मांडणीसकट टेबल इंच-इंच सरकवून घ्यायचे, म्हणजे वस्तूवरचा उजेड तोच राहील. टेबलामागे पोरांचे पाट सरकायचे, पाटांमागे पोरं. पहिल्या तासाला खिडकीशी असलेला वर्ग चौथ्या तासाला व्हरांड्यात निघालेला असे, आणि मी फळ्यावर समीकरण मांडत असताना माझ्या दारासमोरून एक तांब्या, दोन केळी आणि चाळीस मुलं गंभीर चेहऱ्यानं हळूहळू पुढे जाताना दिसायची. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, की हा वर्ग चालला कुठं? मास्तर म्हणाले, ‘‘सर, वर्ग तिथंच आहे. सूर्य चालून राहिला.’’ हेडमास्तर बराच वेळ आकाशाकडे पाहत राहिले.

घरी निराळीच तऱ्हा. तिथं सूर्यापेक्षा वहिनींची भीती जास्त. मास्तरांनी शाळेतून निघालेलं एक मोडकं टेबल घरी आणून पुढच्या खोलीत मांडलं होतं आणि त्यावर घरातला, एका अंगाला पोचा पडलेला पितळी लोटा कायमचा बसवला होता. लोट्याभोवती खडूनं गोल आखलेला. वहिनींना पाणी प्यायला, द्यायला, तुळशीला घालायला तोच लोटा लागायचा. त्या तो उचलायच्या आणि काम झालं की इमानानं त्याच गोलात ठेवायच्या, पण त्याचा पोचा कधी पूर्वेला तर कधी उत्तरेला. ‘‘अवो, याचा पोचा काल माह्याकडे होता!’’ असं मास्तर ओरडायचे. आतून वहिनी म्हणायच्या, ‘‘मंग तुमी फिरा ना तिकडं. लोट्याले पाय आहेत का?’’ मास्तर खरोखरच उठून टेबलाच्या त्या बाजूला जाऊन बसायचे. वहिनींचं माहेर सावरगावचं, म्हणजे नदी ओलांडली की आलंच. त्यामुळे माहेरचं माणूस रोज कोणी ना कोणी टपकायचं, आणि आलेल्याला पाणी द्यायला लोटा उचलला जायचा.

बाहेर गेले तरी तेच. वहिनींबरोबर जामसावळीला मारुतीच्या दर्शनाला गेले, तर देऊळ राहिलं बाजूला, हे बाहेर काढून ठेवलेल्या चपलांच्या राशीसमोर अर्धा तास उभे. लोकांना वेगळीच शंका आली आणि दोघा-तिघांनी दर्शन न घेताच आपापल्या चपला पायांत घातल्या.

या सगळ्याच्या मुळाशी एक पुस्तक होतं. नागपूरच्या रद्दीच्या दुकानात मास्तरांना मिळालेलं हे जाडजूड इंग्रजी पुस्तक म्हणजे स्थिरचित्राचा आदिपासून आजवरचा इतिहास. त्याची शिवण सुटलेली होती आणि पानांचे कोपरे वाळवीनं खाल्लेले, त्यामुळे आकडे गेलेले. एका उन्हाळ्यात वावटळीनं ते अंगणभर उडालं. मास्तरांनी पानं गोळा केली, जशी हाती आली तशी लावली, दोऱ्यानं शिवून टाकली, आणि पांढुर्ण्यापुरता स्थिरचित्राचा विकास त्या क्रमानं कायमचा ठरून गेला. या इतिहासाप्रमाणे माणसाला आधी वस्तूचे नुसते तुकडे दिसत होते, बाटलीचं तोंड इकडे आणि बूड तिकडे. मग एका फ्रेंच माणसानं ते तुकडे दाबून दाबून सफरचंदं केली, तरी टेबल तिरकंच राहिलं. पुढे हॉलंडवाल्यांनी टेबल सरळ केलं, फळांना चकाकी आणली आणि खात्रीसाठी वर एक माशी बसवली. आणि या सगळ्या खटाटोपानंतर शेवटी मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, लोकांनी थडग्यांच्या भिंतींवर प्रत्येक वस्तू वेगळी, अख्खी, एकीला दुसरीचा धक्का न लावता काढून दाखवली. मी एकदा भीत भीत म्हटलं, ‘‘मास्तर, मिसरचे लोक सगळ्यांच्या आधीचे. चार हजार वर्षं झाली त्यांना.’’ मास्तरांनी चष्मा काढला. ‘‘आधीचे आहेत, कबूल. पण आधी पोहोचले असतील ना!’’ मी गणिताचा माणूस, तरी त्या रात्री मला दोन आधी की तीन आधी असं वाटत राहिलं.

एका वर्षी मास्तरांना गोटे काढायची इच्छा झाली. फळ सुकतं, पण दगड तर सुकणार नाही, असा सरळ हिशेब. आता पांढुर्ण्यात ही इच्छा होण्याला वर्षाचे बाकी सगळे दिवस मोकळे होते. मास्तरांनी नेमकी पोळ्याची सकाळ निवडली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावायचा आणि अलीकडून पांढुर्ण्याच्या, पलीकडून सावरगावच्या लोकांनी एकमेकांना गोटे मारत तो झेंडा मिळवायचा, अशी ही जुनी रीत. सौसरच्या माणसाला तिचं मर्म समजत नाही आणि पांढुर्ण्याच्या माणसाला ते विचारलं की तो आपल्याकडे कीव केल्यासारखं पाहतो. वहिनी त्या दिवशी दार लावून घ्यायच्या, कारण त्यांचा धाकटा भाऊ पलीकडच्या पहिल्या रांगेत असायचा. संत्र्याच्या बगीच्यात काम करणारा, कमी बोलणारा, दणकट गडी.

तर पोळ्याच्या सकाळी हा भाऊ पलीकडच्या काठाला बैल धूत होता. अलीकडे त्याला आपले जिजाजी दिसले. खांद्याला झोला, एकेक गोटा उचलतायत, फिरवून बघतायत, पसंत पडला तर झोल्यात टाकतायत. एवढ्यावर भागलं असतं. पण चित्रकाराला वस्तूचं माप घ्यायची एक सवय असते, हात ताठ लांब करायचा आणि एक डोळा मिटायचा. मास्तरांनी हातात गोटा धरून हात लांब केला, डोळा मिटला आणि समोरच्या बैलाशी त्या गोट्याचं माप ताडून बघितलं. बैलाच्या मागे भाऊ उभा होता.

दुसऱ्या दिवशी गोटमारीत भावाच्या खांद्याला एक गोटा लागला. तो कोणाचा, हे देवालाही सांगता आलं नसतं. मास्तर त्या वेळी घरात माझ्यासमोर बसून लोट्याचा पोचा शोधत होते. पण सावरगावहून निरोप आला, ‘‘जिजाजीनं माह्यावर नेम धरला होता, म्या डोयानं पाह्यला. बहिनीले सांगा, आता मी तीजेच्या सणाले न्यायले येत नाही, भाऊबीजेलेही येत नाही.’’ मी साक्ष द्यायला पलीकडे गेलो, पण मी पांढुर्ण्याच्या बाजूचा म्हणून माझी साक्ष बाद. पांढुर्ण्याच्या बाजूला तर अजून वाईट झालं. पानठेल्यावर मास्तरांची पाठ थोपटली जाऊ लागली. ‘‘वा मास्तर, सासुरवाडीवर नेम! कलेजा लागते!’’ मास्तर प्रत्येकाला हॉलंडपासून समजावून सांगायला लागत, आणि लोक डोळा मारून हसत.

वहिनी बोलेनाशा झाल्या. जेवायला वाढायच्या, पण बोलायच्या नाहीत. आणि त्यांनी लोट्याला हात लावणं सोडलं. माहेरचं कोणी येत नव्हतं, तेव्हा पाणी द्यायचं कोणाला? लोटा खडूच्या गोलात दिवसेंदिवस तसाच, पोचा तिथल्या तिथं, त्यावर धुळीचा थर. वीस वर्षं मास्तर जे मागत होते ते त्यांना मिळालं होतं, आणि त्यांच्या हातून एक रेघ ओढली जात नव्हती. एका संध्याकाळी माझ्याकडे आले नि म्हणाले, ‘‘ती लोटा काहून हलवत नसन हो?’’ त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं.

मीच मग म्हटलं, की चित्र काढा. गोटे कशासाठी घेतले होते ते चित्रच सांगेल. भाऊबीज दीडेक महिन्यावर होती आणि मास्तरांना जन्मात पहिल्यांदा एक चित्र संपवायचं होतं. त्यांनी प्लायवूडचा एक तुकडा घेतला, लोट्याजवळ पाच गोटे मांडले आणि पुस्तकाच्या क्रमानं इतिहासाला हात घातला. पहिले वीस दिवस तुकडे. मी म्हटलं, ‘‘मास्तर, हे गोटे मारून झाल्यानंतरचे वाटतात.’’ ते पुसून फ्रेंच पद्धत. त्यात गोटे सफरचंदांसारखे दिसले आणि लोटा उतारावरून घरंगळायला निघाला. मग हॉलंड. चकाकी साधली, पण माशी हवी. माशीनं बसावं म्हणून मास्तरांनी गोट्याला गूळ लावला. माशी काही आली नाही, मुंगळे आले. दिवाळी तोंडावर आली आणि मास्तर थकले. एवढ्या थकव्यात माणूस जसं काढेल तसं त्यांनी काढलं. एक लोटा, त्याच्या शेजारी पाच गोटे, प्रत्येक वेगळा, अख्खा, जसा आहे तेवढाच. पुस्तकाच्या शेवटच्या पानाशी ते पोहोचले होते. पुस्तक नीट लावलेलं असतं तर भाऊबीजेच्या दिवशी तुकडेच हाती राहिले असते, असं मला वाटतं. पण या बाबतीत माझ्या मतावर विसंबू नये.

भाऊबीजेच्या सकाळी वहिनींनीच मला सावरगावला पाठवलं. निरोप एवढाच, ‘‘ओवाळून घेऊ नको. एकदा येऊन पाह्य, अन् जाय.’’ भाऊ आला. उंबऱ्यात उभा राहिला, बसला नाही. मास्तरांनी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा चित्राबद्दल एक शब्दही बोलले नाहीत. वहिनी आतल्या दाराशी. भाऊ चित्र पाहत राहिला. मी पुष्कळ लोकांना मास्तरांची चित्रं पाहताना पाहिलं होतं, पण असं पाहणारा कोणी नव्हता. तो वाकला. एकेका गोट्यावरून त्याचं बोट फिरलं, मग लोट्यावर आलं, मग परत गोट्यावर.

‘‘हा लोट्याएवढा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘हा दूर जातच नाही. हा चपटा, हवेत फिरते. अन् हा पांढऱ्या रेघेचा, हा तं हातातून निसटन.’’ मग तो सरळ झाला. ‘‘जिजाजी, यातला एकही गोटा मारायच्या कामाचा नाही.’’

‘‘दिसायले चांगले होते,’’ मास्तर पुटपुटले.

‘‘दिसायले आहेत चांगले,’’ भाऊ म्हणाला. ‘‘मारनारा मानूस असे गोटे येचत नाही. चुकलं माह्यं.’’ आणि तो उंबऱ्यातच खाली बसला. वहिनींनी टेबलावरचा लोटा उचलला, धुतला, भरला आणि भावाच्या हातात दिला. मग त्याला ओवाळताना त्यांना रडू आवरेना, आणि मास्तर भिंतीकडे तोंड करून उगाच चित्र सरळ करत राहिले.

पुढच्या पोळ्याच्या सकाळी भाऊ रुमालात बांधून एक गोटा घेऊन आला. गुळगुळीत, तांबूस, सावरगावच्या काठाचा. ‘‘मारायच्या कामाचा नाही,’’ म्हणाला, ‘‘तुमाले आणला.’’ मग दरवर्षी हेच. मास्तर तो गोटा टेबलावर मांडायचे, चार दिवस काढायचे, अर्धवट सोडायचे. पुढे मोतीबिंदूनं दिसेनासं झालं तेव्हा नुसता हातात घेऊन बसायचे.

माझी बदली सौसरला झाली, आणि ऐंशीचं दशक संपता संपता मास्तर गेले, ते मला फार उशिरा कळलं. पोळ्याच्या दिवशी पांढुर्ण्याला गेलो. पुढच्या खोलीत भिंतीशी सात-आठ गोटे ओळीनं ठेवलेले होते आणि त्यांच्या शेवटी एक ओला, ताजा. मी वहिनींकडे पाहिलं. ‘‘आणते भाऊ अजून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्या म्हनलं, आता काहून रे? काढनारा तं गेला. तं तो ठेवते, हातानं सरळ करते, थोडा वेळ पाह्यते अन् जाते.’’