बाजारात म्हटलेली ओळ

तुमचे मामाआजोबा पडद्यावर गुंड होऊन धमक्या देतात तेव्हा तुम्ही दोघं हसून लोळता, असं तुमची आई फोनवर सांगत होती. मला तसं हसता येत नाही. तो लोकांसमोर तोंड उघडतो तेव्हा मी अजून हातातलं काम सोडून उभी राहते. का, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता क्रमाने सांगते.

ऐंशीच्या दशकात मी राजुऱ्याच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. बाबा कोळशाच्या खाणीत होते. आई लवकर गेली, तेव्हा हा धाकटा भाऊ लहानच होता; मला तो बाई म्हणायचा. त्याचा अभ्यास, त्याचे कपडे, त्याचा ताप सगळं माझ्याकडे आलं, आणि आईला वाटते ती काळजीही.

खाण वसाहतीजवळ एक व्हिडिओ पार्लर निघालं होतं. तिथे त्याने परदेशी पोरांना रस्त्यावर पुठ्ठा टाकून डोक्यावर गरगर फिरताना पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत पुठ्ठा आला. मग कुठूनशी त्याने एक कॅसेट आणली. तिच्यात गाणं नव्हतंच. ढोलाच्या ठेक्यावर एक माणूस भराभरा बोलत होता.

"बाई, तू इंग्लिशची मास्तरीण ना? लिहून दे ना हे."

मी तीनदा ऐकलं. अर्धंच कळलं.

"हे मी शिकवते ते इंग्रजी नाही रे."

"मंग जाऊ दे. मी आपल्याच बोलीत बनवतो."

आणि त्याने बनवलं. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत, निळ्या झेंड्यांच्या मधोमध, ताशाच्या ठेक्यावर तो चौकात डोक्यावर फिरला आणि उठून म्हणाला:

"यष्टी आली, यष्टी गेली, धूळ तेवढी देऊन गेली,
कंडक्टर म्हणे सरका मांगं, मांगं कुठी जागा राह्यली!"

लोक वेडे झाले. बाबा मात्र मान खाली घालून घरी आले. "लोकं शिकून सायेब होऊन राह्यले अन् हा डोक्यावर उभा," एवढंच म्हणाले.

त्या गर्दीत वडशाच्या एका नाटक कंपनीचा मालक होता. तिकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या भाताच्या मुलखात, कापणी झाली की गावोगाव नाटकं होतात आणि होळीपर्यंत कंपन्या फिरत राहतात. मालक घरी आला, चहा प्याला आणि म्हणाला, "पोरगा द्या बाई. दोन अंकांच्या मधी नाचंल. माह्या पोरासारखा ठेवीन." मी नको म्हणत होते. भाऊ तोवर पिशवी भरत होता.

त्या हंगामात कंपनी एटापल्लीकडे गेली. तिकडे नक्षलवादी आल्याच्या बातम्या तेव्हा रोज छापून येत. रात्री जंगलातले लोक गावात येऊन जेवण मागतात आणि सकाळी पोलीस येऊन जेवण कोणी दिलं ते विचारतात, असं तिथून बदलून आलेल्या एका शिक्षिकेने मला सांगितलं होतं. माझी झोप गेली. बाबांचीही गेली असावी, कारण नाताळच्या सुट्टीत ते मला म्हणाले, "जा, अन् त्याले घेऊनच ये."

दोन बस बदलून मी कंपनीचा मुक्काम होता त्या गावी पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर भाऊ दिसला. गावातली दोन गोंड मुलं त्याला काहीतरी शिकवत होती आणि तिघंही पाण्यात हसत होते.

"काय चाललंय?"

"गोंडी शिकून राह्यलो, बाई. आज बाजार आहे ना."

कंपन्यांची ही पद्धतच होती. ज्या गावात नाटक, त्या गावात विनोदी नट सकाळीच हिंडायचा. कोणाचा बैल पटाच्या शर्यतीत हरला, कोणाची कोंबडी चोरीला गेली ते गोळा करायचा आणि संध्याकाळी संवादात घालायचा. आपल्या गावाचं नाव रंगमंचावरून ऐकलं की लोक खूश. भावानेही तेच केलं, फक्त बातमीऐवजी गोंडी ओळ उचलली.

दुपारी आठवडी बाजारात नाटकाची जाहिरात करायला कंपनीची जीप उभी राहिली. भाऊ टपावर चढला. खाली ताशेवाला. यष्टीच्या ओळींवर बायका पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हातारा ओरडला, "अगा पोट्ट्या, खाली पडशीन ना गा!" मग भावाने ती गोंडी ओळ म्हटली. ठेक्यात, दोनदा, हात उंचावून.

हसू थांबलं. अगोदर मला वाटलं, त्याचं काही चुकलं म्हणून लोक गोंधळले. पण ताशेवाल्यानेही काठ्या खाली घेतल्या. माझ्या शेजारी मोहफुलं विकणारी बाई टोपली उचलून चालू लागली. मी विचारलं, "काय म्हणाला तो?" तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, "जंगलवाल्यायचं गाणं आहे ते. घेऊन जा त्याले."

घेऊन जायला वेळच मिळाला नाही. दोन शिपाई गर्दीतून येतच होते.

चौकीत फौजदार तरुण होता, आमच्या भागातला नव्हता. आवाज चढवत नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"कोणी शिकवलं?"

"बसमधी ऐकलं, साहेब."

"कुठल्या बसमध्ये?"

"आठवत नाई."

"अर्थ माहीत आहे?"

"नाई, साहेब. ठेका चांगला वाटला."

हे शेवटचं खरं होतं. त्या मुलांनाही तो ठेकाच आवडला असणार. लग्नातलं गाणं तोंडात बसावं तसं ते त्यांच्या तोंडात बसलं होतं. पण मुलांची नावं सांगितली तर त्यांना ठेका आवडला की अर्थ, हे कोण विचारत बसणार होतं?

फौजदार माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही शिक्षिका आहात. याला खोटं बोलू देऊ नका. नाव सांगा, आत्ता घेऊन जा भावाला."

बाळांनो, तलावावरची ती दोन्ही मुलं मला डोळ्यांसमोर दिसत होती. एकाच्या कपाळावर जखमेची खूण होती. एक वाक्य बोलायचं होतं आणि भाऊ माझ्याबरोबर घरी येणार होता. भावाने माझ्याकडे पाहिलं नाही. खाली पाहत राहिला.

"मी कालच आले," मी म्हणाले. "मला माहीत नाही."

माझा आवाज मलाच परका वाटला.

फौजदाराने त्याला सगळं पहिल्यापासून म्हणायला लावलं. ताशा नाही, लोक नाहीत. तो यष्टी, धूळ, कंडक्टर म्हणत गेला. 'मांगं कुठी जागा राह्यली'ला दारातला शिपाई फस्सकन हसला आणि लगेच खोकला. फौजदाराने समोरची वही मिटली. शेवटी बाहेर हात जोडून उभ्या असलेल्या मालकाला म्हणाला, "नाटक होऊ द्या. पण हा तोंड उघडणार नाही. एक शब्दसुद्धा नाही."

मालक चौकीच्या पायरीवरच डोकं धरून बसला, कारण लोक याच्यासाठीच येणार होते. मग त्यालाच सुचलं. नाटकात नायिकेचा भाऊ होता, बडबड्या. मालकाने त्याला मुका करून टाकला आणि ते काम माझ्या भावाला दिलं.

त्या रात्री पहिल्या रांगेत पोलीस बसले होते. बहिणीला सासरचे मारतात आणि मुक्या भावाला कोणाला सांगता येत नाही, असा प्रवेश होता. तो सांगायला धडपडत होता, सगळ्या अंगाने, मानेने, बोटांनी. मागून बायकांचे हुंदके ऐकू येत होते. तेवढ्यात एक पोरगा ओरडला, "अबे, तो यष्टीवाला आहे! बोल ना गा!" आणि दहा-वीस जण ओरडू लागले, "बोल! बोल!" भावाचे ओठ हलले. मी साडीचा पदर दातांत धरला. तो बोलला नाही.

पुढे मालकाने त्याला मोठी कामं दिली, मग नागपुरात त्याच्या बोलगाण्यांची कॅसेट निघाली, मग मुंबई. तो नट झाला तो त्या रात्री, असं लोक म्हणतात. मला त्या रात्रीचा अभिनय आठवत नाही. त्याचे हललेले ओठ आठवतात.

सकाळी मी त्याची पिशवी भरून बसथांब्यावर आणली. त्याने ती माझ्या हातातून काढून घेतली.

"मी नाई येत, बाई."

"बाबांना मी काय सांगू?"

तो हळू आवाजात म्हणाला, "आज पळालो तर फौजदार म्हणंल, याच्या मनात काई तरी होतं. मंग थो गावात विचारत फिरंल. होळीपर्यंत कंपनीसंगं याच भागात फिरतो, सगळ्यायच्या समोर नाचतो. विसरून जाईल थो."

"आणि जंगलातले? त्यांनी विचारलं तर?"

त्याने पिशवी खांद्याला लावली. मी त्याला ओढून नेऊ शकले असते, तेवढी मी मोठी होते. पण तो बरोबर बोलत होता.

बसमध्ये माझ्यामागे एक शिपाई चढला आणि पलीकडच्या बाकावर बसला, तोंड माझ्याकडे करून. बस तलावाला वळसा घालून निघाली. काठावर पोरांचा ओरडा ऐकू येत होता. मी तिकडे पाहिलं नाही. एटापल्ली येईपर्यंत मी समोरच्या बाकाकडेच पाहत राहिले.