झोपलाय मावशी

कुणाच्याही मातीला गेलं की पाळकसाहेबांच्या आधी मावशीचा आवाज कानावर यायचा, ‘काय रडायलात मेल्यावानी!’ आता मातीला आलेल्या माणसानं मेल्यावानी रडायचं नाही तर कशावानी रडायचं, हे तिला विचारायची छाती आमच्या छावणी भागात कुणाची नव्हती. पेटीतल्या माणसाकडे बोट दाखवून ती दरडावायची, ‘झोपलाय तो. झोपलेल्याच्या उशाशी कुणी बोंबलतं का?’ तिचं खरं नाव चर्चच्या मंडळीच्या रजिस्टरात असेल. आमच्यासाठी ती झोपलाय मावशी. तुमच्या गल्लीतही अशी एक असेलच, जिच्याशिवाय मयत उचलली जात नाही.

ती दवाखान्यात आया होती, त्यामुळे मेलेल्या माणसाची तिला भीती कशी ती नव्हती. बायकांना अंघोळ घालायची, केस विंचरायची, आणि चादर हनुवटीखाली अशी खोचायची, जणू पहाटे गार वारा सुटणार आहे. आमच्या म्हाताऱ्या मास्तरांची पेटी खाली सोडताना एका बाजूचा दोर सुटला आणि पेटी धाडकन आदळली. मावशी ओरडली, ‘हळू रे मेल्यांनो, जागे होतील ना मास्तर!’ मास्तरांचा एकूण एक विद्यार्थी खो खो हसला. पाळकसाहेबांनी तोंडापुढं पवित्र शास्त्र धरलं. ते वाचायला धरलेलं नव्हतं, हे त्यांचे खांदे हलत होते त्यावरून कळलं.

पण जगातल्या सगळ्या मेलेल्यांसाठी ‘झोपलाय’ म्हणणारी ही बाई स्वतःच्या मुलाबद्दल तो शब्द कधी उच्चारत नसे. शमुवेल, आमचा शमू, फुलंब्रीच्या एका ट्रकवर क्लीनर होता. मोसंबी भरून ट्रक पुण्याला निघाला. गोदावरीला पूर आलेला, पुलावरून पाणी चाललेलं, आणि ड्रायव्हरला घाई. ट्रक गेला. ड्रायव्हर दूर खाली एका बाभळीला अडकलेला सापडला. नदीकाठच्या लोकांनी आठवडाभर मोसंबी वेचली, बाजारातसुद्धा नेली म्हणतात. शमू मात्र कुणाच्या हाताला लागला नाही.

‘शमूचं काही कळलं का, मावशी?’ असं कुणी विचारलं की ती म्हणायची, ‘येईल.’ बस्स. पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा ‘येईल’, आणि लोकांनी विचारणं सोडून दिलं तेव्हाही, न विचारता, ‘येईल.’ ईस्टरला, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाला, पहाटे आम्ही सगळे कबरस्तानात जमायचो. पाळकसाहेब येशूच्या रिकाम्या कबरीचा आणि तिच्यात घडी करून ठेवलेल्या फडक्याचा अध्याय वाचायचे. जो तो आपापल्या माणसाच्या कबरीवरचं गवत काढी, फुलं ठेवी, मेणबत्ती लावी. मावशीही मेणबत्त्या घेऊन येई आणि ज्यांचं कुणी उरलं नाही, अशांच्या कबरींवर लावीत फिरे. ‘तुमचं कोण हाय इथं?’ असं एका नव्या सुनेनं विचारलं, तर म्हणाली, ‘सगळेच की गं!’ उत्तर इतकं झोकात दिलं की टाळ्याच पडायच्या बाकी होत्या.

हा झोक एस्तेरनं मोडला. एस्तेरचा नवरा कावीळ होऊन ऐन पस्तिशीत गेला. ती पेटीवर आडवी पडलेली, आणि मावशी नेहमीच्या आवाजात सुरू झाली, ‘उठ पोरी. झोपलाय तो. शेवटल्या दिवशी उठंल.’ एस्तेरनं मान वर केली. केस तोंडावर, डोळे लाल. म्हणाली, ‘तुमच्या शमूला आधी झोपवा मावशी, मग मला शिकवा.’

पेटी खाली सोडल्यावर मूठभर माती टाकून मावशी सगळ्यांच्या आधी निघून गेली.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर ती कमिटीपुढं उभी राहिली. मला कमिटीत तेव्हा नुकतंच घेतलं होतं, मुख्यतः खुर्च्या मांडायला, त्यामुळे हा प्रसंग मी पहिल्या रांगेतून पाहिला. सेक्रेटरी होते दाविदराव, रिटायर्ड तलाठी. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा मालक त्यांना तोंडपाठ.

‘मला शमूसाठी कबर पायजे,’ मावशी म्हणाली.

‘मयत सापडली?’ दाविदराव दचकले.

‘नाय.’

‘मग कबर कशी देता येईल मावशी? जागा आधीच कमी. उद्या कुणीही उठून रिकामी कबर मागेल.’

‘अवो दाविदराव,’ मावशीनं जुना आवाज काढला, ‘जिच्या जिवावर तुमची ही कमिटी चाललीय, ती कबर रिकामीच निघाली होती ना?’

आम्ही हसलो. पण दाविदराव उगाच तलाठी नव्हते. चष्मा पुसत म्हणाले, ‘ती नंतर रिकामी झाली. आधी तो त्यात होता.’

हसू विरलं. मावशीनं खुर्चीची पाठ धरली.

‘व्हय,’ ती म्हणाली. ‘आधी होता. आधी मेला, मग पुरला, मग उठला. मी बाई मधलं सगळं गाळून बसले.’ मग म्हणाली, ‘माझा शमू मेलाय. हे माझ्या तोंडून कुणी तरी ऐकाय पायजे, म्हणून आले. अन् जागा वाया नाय जायची. माझी पाळी आली की मला त्यातच टाका.’

दाविदरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पुन्हा काढला. ठराव कुणी मांडला नाही, कुणी मत दिलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, ‘मंगळवारी करू.’

पेटी नको म्हणाली, तेव्हा नुसताच खड्डा. पाळकसाहेबांनी सगळा विधी यथासांग केला, फक्त ‘हे शरीर’ एवढे शब्द गाळले. आम्ही त्या पोकळीत माती टाकली. पेटीवर पडलेल्या मातीचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा असतो. मातीवर पडलेल्या मातीला आवाज नसतो, हे त्या दिवशी कळलं. आणि मग मावशी रडली. कशी म्हणाल तर मेल्यावानीच. कुणी तरी सवयीनं म्हणालं, ‘झोपलाय मावशी, रडू नका.’

‘झोपला नाय!’ ती किंचाळली. ‘मेलाय माझा लेक! उठंल तवा उठंल. आज रडू द्या मला.’

एस्तेर पुढं झाली आणि तिच्याशेजारी मातीत बसली. दोघींना उठवायची घाई कुणी केली नाही.

त्यानंतरही मावशीनं एकही माती चुकवली नाही. पण दरडावणं संपलं. ज्या घरात रडं, त्या घरात जाऊन रडणाऱ्याचा हात मांडीवर घेऊन बसायची. म्हणायची, ‘रड. लई रड. देव उठवणार हाय, पण आज नाय उठवायचा. आजचा दिस आपला हाय.’ पूर्वी मातीवरून परतणाऱ्यांच्या तोंडांवर उसनं हसू असायचं, ते जाऊन थकवा दिसू लागला. त्या थकव्यालाच शांती म्हणत असतील, तर ती मी मावशीजवळ पाहिली.

ती गेली तेव्हा ठरल्याप्रमाणं शमूची कबर उघडायची होती. जुनी कबर उघडली की आतली हाडं फडक्यात बांधून पायथ्याशी ठेवायची, ही आमच्याकडची रीत. थकलेले दाविदराव काठी टेकत आले. सवयीनं त्यांनी पांढरं फडकंही आणलं होतं. खणणारा पडेगावचा नवा पोऱ्या होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. छातीइतका खाली गेल्यावर तो थांबला, फावड्यानं इकडं तिकडं चाचपलं आणि घाबरून वर बघू लागला.

‘साब, इसमें तो कोईच नै है! ऊपर नाम लिखा है, और अंदर कुछ भी नै. कौन ले गया?’

आम्हाला सगळ्यांना सगळं माहीत होतं, तरी एकूण एक जण काठाशी जाऊन आत वाकला. दाविदरावांनी त्याला सांगायला तोंड उघडलं. पूर, ट्रक, कमिटी, सगळं सांगण्यासारखं होतं.

‘मालूम नहीं, बेटा,’ ते म्हणाले.

मग त्यांनी हातातल्या पांढऱ्या फडक्याची नीट घडी घातली आणि ती कबरीच्या काठावर ठेवली.