दारात अडकलेलं चांद्रयान

चांद्रयान ग्रीनरूमच्या दारात अडकलं तेव्हा स्टेजवर त्याचं नाव पुकारून झालं होतं. यानाच्या पोशाखात तिसरीतली मुलगी होती. तिला पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. मी तिच्या मागेच उभी होते. हे होणार हे मला आठ दिवसांपासून माहीत होतं.

मी कोपरखैरण्यात ड्रेपरीच्या दुकानात शिवणकाम करते. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे, गॅदरिंगचे कपडे. ते भाड्याने जातात. २०२३ साली एका शाळेने गॅदरिंगला विषय घेतला, 'या वर्षीचा भारत'. नवीन संसद, वर्ल्ड कपची हरलेली फायनल, चंद्रावर उतरलेलं यान, उत्तराखंडच्या बोगद्यातून सुटलेले कामगार. सगळं आम्हालाच करायचं होतं.

दुकान वैशालीताईंचं. त्यांनी यान प्रणालीला दिलं. ती सहा महिन्यांपूर्वी आलेली, वाशीला फॅशनचा कोर्स केलेली. मी तिथे अकरा वर्षं, शिक्षण चौथी. मला बोगदा मिळाला.

"काकी, बोगदा तुमीच करा. मळकं काम तुमालाच जमतं," ताई म्हणाल्या.

मळकं काम म्हणजे नवीन कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुनं करणं. ताईंच्या मनात वाईट नव्हतं, पण मला ते लागलं. मी कामगारांचे शर्ट चहात बुडवत बसले. शेजारी प्रणाली सोनेरी कागदात बसलेली. येईल तो आधी तिच्याकडे बघायचा. एक गिऱ्हाईक माझं चहाचं पातेलं बघून म्हणालं, "मावशी, एक कटिंग द्या."

प्रणालीने यानाला फोमचे चार पाय लावले, चारी बाजूंना पसरलेले. ट्रायलला मी नजरेनेच मोजलं. साडेतीन फूट. त्या ग्रीनरूमचं दार अडीच फूट. आदल्या वर्षी माझ्या मोराचा पिसारा तिथेच मोडला होता.

"काकी, काय कमी असेल तर सांगा ना," प्रणाली म्हणाली.

"कमी काय नाय," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. जास्तच होतं.

आता दारात अडकलेली मुलगी रडायला लागली. माइकवरचे सर म्हणाले, "यान जरा ट्रॅफिकमध्ये अडकलंय." बाहेर सगळे हसले.

प्रणाली खाली बसली. "काकी, कात्री."

मी दिली. तिने चारही पायांचे टाके उसवले. मुलगी दारातून निघाली, पाय हातात घेऊन आम्ही मागे पळालो. विंगेत मी ते सेफ्टी पिनांनी लावले. मुलीच्या तोंडाकडे मला बघवत नव्हतं. यान उतरलं. एक पाय वाकडा राहिला, पण टाळ्या थांबेनात. माझा बोगदा त्यानंतर आला. तो बरा झाला.

परतताना टेम्पोत ताईंनी विचारलं, "काकी, तुमचा मोर त्याच दारात मोडलेला ना? मग बोलला का नाय?"

"ध्यानात नाय आलं."

"जाऊ दे ना ताई," प्रणाली म्हणाली, "काकींना केवढं काम होतं."

तिने माझी बाजू घेतली, ते मला जास्त झोंबलं.

आता ऑर्डर आली की आधी शाळेत जाऊन दाराचं आणि विंगेचं माप घेतात. ते काम ताईंनी प्रणालीला दिलं. ती टेप घेऊन जाते आणि आल्यावर मला सांगते, "काकी, इथली विंग अरुंद आहे हं. घेर कमी ठेवा."

मी घेर कमी ठेवते. माहीत असलेलं वेळेवर सांगितलं नाही, की तेच पुढे दुसऱ्याकडून ऐकून घ्यावं लागतं.