सिमेंटच्या पत्र्यावरून पडल्यानंतर

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि मला विचारलं, "यांना जामनेरहून कसं आणलं?"

"ट्रकमधून."

"निजवून की बसवून?"

"ड्रायव्हरशेजारी बसवून. यांच्या मित्रानं धरलं होतं."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. मग म्हणाले, "पाठीचा मणका मोडलाय, बाई. आतली स्पायनल कॉर्ड, म्हणजे मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणारी मज्जारज्जू, दबलीय. याला पॅराप्लेजिया म्हणतात. कमरेखालचं अंग लुळं पडलंय. ते परत येईल असं वाटत नाही."

"बसवल्यामुळं झालं का?"

"बहुतेक पडतानाच झालं असेल. वाकवल्यानं वाढलंही असेल. आता सांगता येणार नाही."

सत्तर सालाच्या आसपासची ही गोष्ट. आम्ही असोद्याचे. माझे यजमान रामदास जळगावच्या एका ठेकेदाराकडे गोदामांवर पत्रे बसवायचे. जामनेरच्या एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई करायच्या कारखान्याचं, छप्पर दुरुस्त करायचं होतं. सिमेंटचा पत्रा दिसायला मजबूत, पण माणसाचं वजन पेलत नाही. त्यावर फळ्या टाकून चालायचं असतं. फळ्या धुळ्याच्या कामावर अडकल्या होत्या. यांनी दोनदा मागितल्या. "कापूस यायला लागलाय. तोवर बोल्टच्या रांगेवर पाय ठेवून चाला," असं ठेकेदार म्हणाला. बोल्टखाली लोखंडी अँगल असतो, तिथं पाय दिला तर पत्रा फुटत नाही. पण जिनिंगच्या छपरावर रुईचा फुफाटा एवढा साचलेला की बोल्ट दिसतच नव्हते. कमरेला दोर बांधायची तर पद्धतच नव्हती. पत्रा फुटला आणि हे खाली फरशीवर पडले.

यांचा मित्र सुकदेव वर यांच्या सोबतीला होता. देवपूरचा, अंगानं दांडगा. तो शिडीवरून धावत उतरला, यांना दोन्ही हातांवर उचललं आणि ट्रकमध्ये बसवून जळगावच्या दवाखान्यात आणलं. जीव वाचवायचा म्हणूनच त्यानं ते केलं.

डॉक्टरांचं बोलणं मी त्याला सांगितलं नाही.

वॉर्डात लघवीसाठी कॅथेटर, म्हणजे रबरी नळी लावली. पायाला टाचणी टोचली तरी यांना कळत नव्हतं. सिस्टर केरळच्या होत्या, मराठी तोडकं बोलायच्या. त्यांनी माझा हात धरून मला शिकवलं. "इथे बघ, कंबर. इथे टाच. लाल झालं की बेडसोअर येणार." एकाच अंगावर पडून राहिलं की कातडी कुजते, ती जखम म्हणजे बेडसोअर. दर दोन तासांनी कूस बदलायची, अंग कोरडं ठेवायचं, चादरीला चुणी राहू द्यायची नाही. तेव्हा मला वाटायचं, पाय जाणार आहेत आणि ही बाई चादरीचं काय सांगत बसलीय.

ठेकेदार एकदा मोसंबी घेऊन आला. "पाय जपून टाकायला हवा होता, रामदास," म्हणाला.

यांनी विचारलं, "फळ्या आल्या का?"

"येतील की."

तो गेल्यावर यांनी भिंतीकडे तोंड केलं. डोळे पुसले, तेही मला दिसू न देता.

सुकदेव सुट्टीच्या दिवशी यायचा. दारातूनच विचारायचा, "भाऊ कसा शे आते?" पलंगाशी बसून यांचे पाय चोळायचा. एके दिवशी यांनी मला विचारलं, "डॉक्टर त्या दिवशी बसवण्याबद्दल काय बोलले?" यांनी ते अर्धवट ऐकलं होतं. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, "सुकदेवला नका सांगू. मनाला लावून घेईल." हे म्हणाले, "तो अजून वर चढतो. उद्या आणखी कोणी पडलं तर?"

आणि सुकदेव आल्यावर यांनीच सांगितलं, वॉर्डात विचारून घेतलं होतं तसं. पडलेल्याला उचलून बसवायचं नाही. दार काढा, फळी आणा, मान आणि कंबर सरळ ठेवून चौघांनी सरकवून त्यावर घ्यायचं.

सुकदेव माझ्याकडे वळला. "हाई बठ्ठं मन्हामुये व्हयनं का, वहिनी?"

मी म्हणाले, "नाही हो, तुमच्यामुळं नाही झालं." हे म्हणाले, "ते डॉक्टरलाही माहीत नाही. पण तू नसतास तर मी तिथंच पडून राहिलो असतो, हे मला माहीत आहे."

तो बराच काळ आला नाही. आला तेव्हा त्याचं काम सुटलं होतं. फळ्यांशिवाय चढणार नाही म्हणाला, तर ठेकेदारानं घरी पाठवलं. त्याच्या जागी दुसरी माणसं चढली, तशीच, फळ्यांशिवाय. हे ऐकून यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

यांना घरी आणल्यावर काही वर्षं आम्ही निभावली. शेवटी लघवीच्या नळीतून इन्फेक्शन, म्हणजे जंतूंचा संसर्ग, मूत्रपिंडापर्यंत गेला. ताप उतरलाच नाही. त्यांच्या पाठीवर मात्र एकही जखम नव्हती. त्यांना शेवटची अंघोळ घालताना मला त्या सिस्टरची आठवण आली. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले.

आता आसपासच्या गावांत कोणी छपरावरून, झाडावरून, विहिरीत पडून अंथरुणाला खिळलं की मला बोलावतात. मी जाते. घरची बाई मला आधी हेच विचारते, "चालतील ना हो परत?" ते मला सांगता येत नाही, आणि खोटं मी बोलत नाही. तिला पलंगाच्या पलीकडच्या बाजूला उभं करते, चादर कशी धरायची ते दाखवते, आणि आम्ही दोघी मिळून त्या माणसाला हळूच कुशीवर वळवतो.